दुसरबीडचा फौजी

बाबा सुटीवर यायचे तेव्हा माय घरातली कुऱ्हाड शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवायची. विळा पिठाच्या डब्यामागे जायचा, मुसळ गोठ्यात. मला वाटायचं, सगळ्याच फौजींच्या घरी असं करत असतील. सणाच्या आधी घर सारवतात तसं बाप यायच्या आधी लोखंड लपवायचं.

आमचं घर दुसरबीडला, जालन्याच्या रस्त्यापासून जरा आत. बाबा पायदळात होते. वर्षातून एकदा, कधी दोनदा यायचे. आल्या आल्या गल्लीतली माणसं भेटायला यायची, माय चुलीवरून चहाचं पातेलं उतरवतच नसे. पण दोन-तीन दिवसांत येणं-जाणं आटायचं, कारण तोवर बाबांचं कोणाशी तरी वाजलेलं असायचं. एकदा त्यांच्या शाळेतल्या सोबत्यानं रसवंतीवर गमतीनं मागून येऊन त्यांचे डोळे झाकले. पुढच्या क्षणाला तो सोबती उसाच्या चिपाडांत पडलेला होता आणि त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. त्याचे समोरचे दात गेले. बाबांनी त्याला स्वतः उचलून दवाखान्यात नेलं, पण नंतर तो माणूस आमच्या गल्लीत शिरला नाही.

ते फौजेतून कायमचे घरी आले तेव्हा मी सातवीत होते, त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्या मनात मोठा आनंद होता. बाप रोज घरी असणार, ही गोष्टच माझ्यासाठी नवी होती.

त्या उन्हाळ्यातली एक दुपार. बाबा पडवीत चटईवर झोपले होते. मायनं चहा केला आणि मी तो घेऊन गेले. कप खाली ठेवला, वाकले आणि त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "बाबा, चहा."

माझा गळा त्यांच्या हातात कधी आला ते मला कळलंच नाही. माझे पाय जमिनीवरून उचलले गेले आणि पाठ भिंतीवर आपटली. त्यांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडेच बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. मला ओरडता येत नव्हतं. टाचा भिंतीवर घासत होत्या, एवढाच काय तो आवाज. तेवढ्यात मायनं रांजणाशेजारची भरलेली बादली उचलून त्यांच्या तोंडावर मारली. नुसतं पाणी नाही, बादलीसकट. कडी त्यांच्या कपाळाला लागली आणि हात सुटला.

मी खाली पडले. ते माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हाताकडे. ओल्या कपड्यांनी उठून खडकपूर्णेच्या दिशेने निघून गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा हातात पेरूंची पिशवी होती. ती त्यांनी माझ्या अंथरुणाजवळ ठेवली. माझ्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलं होतं, गळ्यावर काळे-निळे वळ होते. शाळेत मी सांगितलं, झोक्याची दोरी अडकली.

त्यानंतर मायनं नियम केला. झोपलेल्या बाबांच्या जवळ जायचं नाही. दारात उभं राहून ताट वाजवायचं, आणि ते "हाव" म्हणाले तरच आत पाऊल टाकायचं.

पुढच्या वर्षी माजी सैनिकांच्या जागेवर त्यांना पोस्टात नोकरी लागली, आमच्याच गावात, पोस्टमन म्हणून. पुन्हा अंगावर वर्दी आली, या वेळी खाकी. गाव त्यांना पोस्टमन म्हणालंच नाही. "फौजी, माही चिठ्ठी हाय का?" असंच सगळे विचारायचे. सकाळी टपालाची थैली उघडून पत्रं लावून झाली की ते गावातून निघायचे आणि मग सायकलीवर आजूबाजूच्या वस्त्या घ्यायचे. कामात त्यांना कोणी नाव ठेवलं नाही. शेजाऱ्याकडे टपाल टाकून मोकळं होणं त्यांना माहीत नव्हतं. माणूस शेतात असला तर बांधापर्यंत जायचे. म्हाताऱ्यांना पत्र वाचून दाखवायचे, आणि वाईट बातमी असली तर आधी "बसा" म्हणायचे. दारूच्या थेंबालाही ते शिवले नाहीत. मोठ्या आवाजात बोलणंही त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि ते मायला मारायचे.

रोज नाही. महिना महिना काही व्हायचं नाही. मग कधी त्यांच्या पाठीमागे स्टीलचा गंज, म्हणजे उभं पातेलं, फरशीवर पडायचा, कधी दाराची कडी लावायची राहायची, कधी माय न बोलता मागून येऊन उभी राहायची, आणि त्यांचा हात सुटायचा. पहिली थप्पड तर जणू त्यांच्या नकळत बसायची. पण ते तिथं थांबायचे नाहीत. एकदा सुरू झालं की पट्टा निघायचा. गल्लीतले दुसरे नवरे मारायचे तेव्हा शिव्या देत मारायचे, सगळ्यांना ऐकू जायचं. आमच्या घरात फक्त पट्ट्याचा आवाज यायचा आणि मायच्या श्वासाचा. बाबांच्या चेहऱ्यावर तेच असायचं, जे मी भिंतीला टेकून पाहिलं होतं. काहीच नाही. संपलं की ते अंगणात जाऊन हात धुवायचे आणि सायकलीची साखळी काढून पुसत बसायचे.

माय कोणाजवळ बोलली नाही. माहेरी तिचा एक भाऊ होता, त्याच्याजवळही नाही. मला म्हणायची, "तिकडं पहाडात त्याईले काई तरी झालं हाय. तुले समजाचं नाही." तिलाही काय झालं ते माहीत नव्हतं.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. नदीच्या अंगाला एक वस्ती आहे, तिथं एका माणसाच्या नावाची रजिस्ट्री आली होती. बाबा दुपारी सायकलीवर तिथं पोचले. पुढचं मी गावातल्या इतक्या तोंडांनी ऐकलं की आता मला वाटतं मी तिथंच होते. तो माणूस अंगणात आपल्या बायकोला मारत होता. बैलाच्या जुवाची शिवळ त्याच्या हातात होती, हातभर लांबीचा जाड लाकडी दांडा. ती बाई हौदाशेजारी पडली होती, तिच्या कपाळाची कातडी फाटून डोळ्यावर आली होती. वस्तीतली माणसं कुंपणाशी उभी होती. कोणी पुढं होत नव्हतं, कारण घरात त्याचे दोन भाऊ होते आणि तिघांचाही वस्तीत धाक होता.

बाबांनी सायकल स्टँडवर लावली. थैली हँडलला अडकवली. म्हणाले, "थांबा भाऊ. रजिस्ट्री हाय तुमची."

तो म्हणाला, "माही बायको हाय. तू कागद टाक अन् चालता हो."

"रजिस्ट्री टाकता येत नाही. सही लागते. ते लाकूड खाली ठेवा."

त्यानं ठेवलं नाही. उलट शिवळ बाबांवर उगारली. बाबांनी ती हवेतच धरली, त्याचा उजवा हात पिरगाळून हौदाच्या काठावर आडवा ठेवला आणि वरून गुडघा मारला. लोक सांगायचे, उसाचं कांडं मोडल्यासारखा आवाज झाला. भाऊ घरातून धावत आले ते उंबऱ्यातच थबकले. बाबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग थैलीतून कागद आणि शाईचं पॅड काढलं. तो माणूस जमिनीवर लोळत किंचाळत होता. बाबा त्याच्याजवळ उकिडवे बसले, त्याचा डावा अंगठा धरला, शाईत बुडवून कागदावर उमटवला, रजिस्ट्री त्याच्या छातीवर ठेवली आणि कुंपणाजवळच्या बायांना म्हणाले, "हिले दवाखान्यात न्या." मग उरलेलं टपाल वाटायला पुढच्या वस्तीवर गेले.

दोन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. हॉटेलात बाबांच्या चहाचे पैसे कोणी घेईना. शाळेत माझ्या वर्गातल्या मुली मला विचारायच्या, तुझ्या बाबांनी खरंच अंगठा घेतला? मला अभिमान वाटत होता, हे खोटं कशाला सांगू. बायका तर आमच्या दारात येऊन मायला म्हणायच्या, "भाग्यवान हायेस बाई. असा मानूस पायजे."

माय ऐकून घ्यायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाबांना वाढत होती. भाजी ताटात घालून झाल्यावर ती उठली नाही. वाटी हातात धरून म्हणाली, "त्या बाईसाठी तुमी हात मोडला म्हंते. माह्यासाठी कोनाचा हात मोडाचा?"

बाबांचा घास हातात राहिला. मी समोर अभ्यासाला बसले होते. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. ताट भिंतीवर गेलं. पहिला फटका मायच्या डाव्या कानावर बसला आणि ती चुलीकडे कोलमडली. त्या दिवशी त्यांनी पट्टा काढलाच नाही, हातानंच मारलं. मी मध्ये पडले तर एका हातानं मला बाजूला टाकलं, ओढणी बाजूला टाकावी तसं. मायचा ओठ फाटला. एक दात चुलीपुढच्या राखेत पडला. कानातून बारीक रक्त येऊन मानेवर सुकलं. त्या कानानं तिला पुढं कधी ऐकू आलं नाही.

सकाळी बाबा नेहमीसारखे कामावर गेले. मी दप्तर भरत होते. माय म्हणाली, "शाळा राहू दे आज. चाल माह्यासोबत."

तिनं तोंड धुतलं नव्हतं. रक्त सुकलेलं तसंच होतं, डोळा सुजून मिटला होता. मी म्हणाले, "माय, तोंडावर पदर तरी घे." तिनं घेतला नाही. उलट पदर मागं खोचला आणि भर रस्त्यानं निघाली. बसस्टँडवरून, हॉटेलावरून, जिथं जिथं बाबांचं कौतुक चाललं होतं तिथून ती हळूहळू चालली. माणसं बोलता बोलता गप्प होत गेली. दोन-चार जणी आमच्या मागून यायला लागल्या.

पोस्टात गर्दी होती. खिडकीपुढं रांग लागली होती. माय रांगेत उभी राहिली नाही, सरळ खिडकीपाशी गेली. आत पोस्टमास्तर होते, बाहेरगावचे, मऊ स्वभावाचे गृहस्थ. त्यांच्या मागं बाबा टपालावर शिक्के मारत उभे होते.

माय म्हणाली, "साहेब, तुमचा फौजी त्या वस्तीत बाईचा कैवारी झाला. गाव त्याले डोक्यावर घेऊन राह्यलं. हे माह्यं तोंड पाहून घ्या. सगळ्याईनं पाहा. हे बी त्यानंच केलं. काल, जेवतानी."

पोस्टमास्तरांच्या हातातला पेन तसाच राहिला. रांगेतला एक म्हातारा खाली बघायला लागला. मला वाटलं बाबा आतून येतील आणि इथंच तिला मारतील. बाबा आले, पण आतल्या दारातून बाहेर, रांगेशेजारच्या बाकड्यापर्यंतच. तिथं बसले आणि त्यांना उठताच येईना. दोनदा प्रयत्न केला. पायांतला जीव गेल्यासारखे ते बाकड्याची कड धरून बसून राहिले. घाम सदऱ्यातून बाहेर आला. पोस्टमास्तरांनी पाण्याचा पेला आणला, तो त्यांना धरता येईना.

माय त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पुन्हा हात उठला तर पोस्टात येनार नाही. ठाण्यात जाईन. माह्या पोरीची शपथ हाय." आणि आम्ही घरी आलो.

ते उशिरापर्यंत आले नाहीत. दिवेलागणीला आले ते दारातच बसले. घरात यायला परवानगी हवी असल्यासारखे. तिथं बसूनच त्यांनी पहिल्यांदा पहाडातली गोष्ट सांगितली. मायकडे न बघता, अंगणाकडे बघत.

"रातभर चालून आल्तो. दिवसा झोपाचं होतं. एक रिकामं घर होतं, तिथं पडलो. दुपार होती. भायेर पहारा होता, तो पोरगा पेंगला असंन. मले जाग आली ती बाजूच्याचा हात माह्या छातीवर आपटला म्हनून. तो साताऱ्याकडचा होता, आमी दोघंच मराठी होतो. त्याचा गळा चिरला होता. हात आपटून राह्यला होता, आवाज निघत नोता. अन् त्याच्यावर एक मानूस सुरा घेऊन वाकला होता. बंदूक घ्याले टाइम नोता. म्या त्याचा गळा धरला. तो मेला, तरी म्या सोडला नाही. बाकीचे आले, त्याईनं माही बोटं एक एक करून सोडवली. मंग त्याले उताना केला, तं त्याले मिशी बी फुटली नोती."

गोठ्यात वासरू खुंटा ओढत होतं. मला रडू येत होतं, बाबांसाठी की मायसाठी ते कळत नव्हतं.

माय म्हणाली, "तो तुमाले माराले आल्ता. मी तं भाजी वाढाले आल्ती."

माय उठली, त्यांचं ताट वाढलं आणि दारात त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं. स्वतः आत येऊन फाटक्या ओठानं कढी पीत बसली.

पुढच्या आठवड्यात तिनंच त्यांना फौजेच्या छावणीतल्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बोलायला बोलावत राहिले. ते जात राहिले. गोळ्यांनी ते जड झाले, जेवताना पेंगायचे, पण त्यांचा हात मायवर उठला नाही. गंज पडला की ते दोन्ही हात काखेत दाबून बाहेर निघून जायचे. मी त्यांना लिंबाखाली तसं उभं राहिलेलं कितीदा पाहिलं आहे.

गावात त्यांचं कौतुक थांबलं, तरी टपाल घ्यायला लोक येतच होते. पोस्टमन तोच होता.

वस्तीवरच्या त्या माणसाचा हात जुळला, पण वाकडा. कोपराखालून बाहेर वळलेला. नांगर धरता येईना. त्याचे भाऊ ठाण्यात गेले नाहीत, पण गावात उघड बोलून दाखवायचे की फौजीला सोडणार नाही. बाबांना लोकांनी सांगितलं, वाट बदला. ते म्हणायचे, "टपाल ज्या वाटेवर हाय त्याच वाटेनं जा लागंन."

तीनेक वर्षं गेल्यावर भर दुपारी नदीच्या पुलाजवळ त्या तिघा भावांनी त्यांना गाठलं. कुऱ्हाडीचे दांडे होते त्यांच्या हातात. पुलाखाली शेळ्या चारणाऱ्या एका बाईनं सगळं पाहिलं आणि तिनंच पोलिसांत सांगितलं. ती आमच्या घरीही येऊन सांगून गेली.

"पयला दांडा पाठीत बसला, तं फौजी सायकलीवरून पडला. उठला. उठल्याबरोबर धाकट्याचा गळा धरला, एका हातानं. तो पोरगा निळा पडला. मी म्हटलं गेला आता. अन् मंग बाई, त्यानं सोडून देला. सोडला अन् दोन्ही हात मांगं बांधून उभा राह्यला. परेडमंदी राह्यते ना, तसा. त्याईनं मारलं, मारलं. पडला तरी हात मांगंच होते."

गुडघ्याची वाटी फुटली. बरगड्या मोडल्या. पाठीमागं धरलेल्या हातांवर दांडे बसले, बोटं चेंदली. टपालाची थैली मात्र पडताना त्यांच्या अंगाखाली आली होती, ती कोरडी आणि पूर्ण निघाली.

त्यांना जालन्याला नेलं. मी बारावीची परीक्षा देऊन बसने पोचले. बाबांचं तोंड ओळखू येत नव्हतं. मी कॉटजवळ उभी राहून विचारलं, "बाबा, तुमी काऊन नाही मारलं?"

त्यांना बोलायला त्रास होत होता. "मारलं असतं तं तिघं बी मेले असते. मले सुरू करता येते बेटा. थांबाले जमत नाही."

माय पलीकडं उभी होती. तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं म्हणून ती वाकून ऐकत होती. ऐकलं आणि ती पेटली. सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, "मंग एक तरी हात मोडाचा ना! माहं डोकं फोडाले उठत होता हात, अन् सोताचा जीव वाचवाले उठला नाही? म्या म्हटलं होतं बाईवर उठवू नका. मरा म्हटलं होतं का?"

बाबा हसले असं मला वाटलं. ओठ इतका सुजला होता की नक्की सांगता येत नाही.

खटला उभा राहिला. माय प्रत्येक तारखेला जायची. एका तारखेला साक्ष द्यायला ती बाई आली, वस्तीवरची. कपाळापासून भुवईपर्यंत जाड व्रण होता. नवऱ्याच्या आणि दिरांच्या विरोधात ती साक्ष देईल असं कोणाला वाटलं नव्हतं. तिनं सांगितलं की दांडे घरातले होते, आदल्या दिवशी अंगणात बसून तासले होते, आणि तिच्यासमोरच ठरलं होतं. त्यांच्या वकिलानं तिला विचारलं, "याच पोस्टमननं आधी तुमच्या नवऱ्याचा हात मोडला होता, खरं ना?"

"हाव," ती म्हणाली. "मोडला. म्हनून मी जिती हाव."

दुपारी कोर्टाच्या आवारात झाडाखाली माय आणि ती शेजारी बसल्या. मायनं भाकरी सोडली, तिच्यापुढं अर्धी केली. ती बाई हळूच म्हणाली, "तुमाले बी मारत होते म्हंते. खरं हाय का?"

"हाव."

"आता?"

"आता नाही."

तिनं मान हलवली आणि ठेचा मागितला. मी त्यांच्याकडे बघत होते. दोघी अगदी शांतपणे जेवल्या. तिघांनाही शिक्षा झाली. ती बाई माहेरी पिंपळगाव राजाकडे निघून गेली आणि तिथं भाजीचा धंदा करते असं पुढं कळलं.

बाबा पुन्हा सायकलीवर बसले नाहीत. पोस्टात आत बसून काम करायचे. वाकड्या बोटांत शिक्का बसत नसे, म्हणून तो तळहातात मुठीसारखा धरायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं. घरी आले की ओसरीवर बसायचे, रस्त्यावरची माणसं बघत. माझं लग्न झालं, मुलगा झाला. मी माहेरी आले की सगळे बाळाला घ्यायला धडपडायचे. बाबा घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "इथं बाजूले ठेव." मी बाळाला त्यांच्या शेजारी सतरंजीवर ठेवायची आणि ते स्वतःचे हात मांडीखाली घालून त्याच्याशी बोलायचे. माझ्या मुलाला आजोबांनी कधी उचललं नाही, आणि तो तरीही त्यांनाच चिकटलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात ताप उतरेना. चौथ्या का पाचव्या दिवशी सकाळी त्यांचं भान गेलं. ते पुन्हा पहाडात गेले. हिंदीत हुकूम द्यायला लागले, सलाईन उपटली, एका नर्सच्या पोटात लाथ मारली. तिघा-चौघांनी धरून त्यांचे हात कॉटला पट्ट्यांनी बांधले. मनगटाची सुरकुतलेली कातडी सोलून निघाली. ते ओरडत नव्हते, पट्ट्या तोडायचा प्रयत्न करत होते, आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

माय म्हणाली, "सोडा त्याईले."

डॉक्टर म्हणाले, "आजी, मारतील ते."

"मले मारतीन. सोडा."

कोणी सोडेना, तेव्हा तिनं स्वतःच एका हाताची पट्टी उकलली. तो हात लगेच सुटला आणि तिच्या तोंडावर बसला. चष्मा फुटला, काचेनं भुवई कापली, रक्त गालावरून वाहत हनुवटीपर्यंत आलं. मी धावले. तिनं मला कोपरानं मागं ढकललं आणि तो हात दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या छातीशी आवळला. ते ओढत होते, ती सोडत नव्हती. "मी हाव," ती म्हणत होती. "घरी हा तुमी. दुसरबीडले हा. मी हाव." असं किती वेळ चाललं कोणास ठाऊक. हळूहळू ओढणं कमी झालं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या तोंडावरचं रक्त पाहिलं आणि विचारलं, "कोनं मारलं?"

"कोनं नाही," माय म्हणाली.

भुवईला टाके घालताना ती मला म्हणाली, "हे धरू नको. हे त्याईच्या खात्यात नाही." आधीचं ती धरते की नाही, हे विचारायचा माझा धीर झाला नाही.

दोन दिवसांनी ते गेले. अंत्ययात्रेला आजूबाजूचे माजी सैनिक आले, बीबीहून, मेहकरहून. बाबांच्या अंगावर तिरंगा घातला. कोणी तरी त्यांच्या शौर्याबद्दल बोललं. पोस्टातली माणसंही होती, ती मागं उभी राहिली. बायका मायच्या भुवईकडे बघून विचारत होत्या, हे काय झालं. माय म्हणत होती, "पडली दवाखान्यात. फरशी ओली होती."

तेरवी झाल्यावर मी तिला चष्म्याच्या दुकानात देऊळगावराजाला घेऊन गेले. तोवर ती एकाच काचेच्या चष्म्यानं वावरत होती. दुकानदारानं नंबर काढला, फ्रेमी पुढं ठेवल्या. तिनं जाड काळी फ्रेम निवडली, मला आवडली नाही तरी तीच घेतली. परतताना गाडी समृद्धी महामार्गाच्या पुलाखालून गेली तेव्हा तिनं मान वर करून विचारलं, "हा रस्ता कुठवर जाते?"

"एकीकडं नागपूर, दुसरीकडं मुंबई."

"एक डाव यानं जाऊ," ती म्हणाली. "कुठं बी. पन दिवसा जाऊ, मले दिसलं पायजे."